तांदळातल्या टोक्याचे जुने भाऊबंद

मृग लागला, हवेत जरा ओल आली, की सांगलीतल्या घराघरांत एक वाक्य ऐकू येतं : "तांदळात टोके झाले वाटतं." मग परात येते, सूप येतं, ऊन असलंच तर गच्चीवर जुनं लुगडं अंथरलं जातं आणि तपकिरी ठिपके सैरावैरा पळायला लागतात. कुणी त्यांना टोके म्हणतं, कुणी पोरकिडे, कुणी सोनकिडे. शेतीच्या पुस्तकात तो सोंडकिडा असतो. यंदा भाचीचा मुलगा शाळा सुरू व्हायच्या आधी चार दिवस आमच्याकडे होता. त्यानं परातीत डोकं घालून विचारलं, "आजी, डबा तर घट्ट बंद होता. मग हा आत शिरला कुठून?"

शिरला नाही, आतच होता. तांदूळ गोदामात असतानाच मादी दाण्याला बारीकसं भोक पाडते, त्यात एक अंडं घालते आणि वरून चिकट बूच लावून भोक बुजवते. बाहेरून दाणा धडधाकट दिसतो. अळी आतला पिठूळ भाग खाते, तिथंच कोष करते, आणि साधारण महिन्याभरानं पूर्ण वाढलेला किडा दाणा फोडून बाहेर येतो. तांदूळ धुताना जे पोकळ दाणे वर तरंगतात ती त्यांची सोडलेली घरं.

पोराचं एवढ्यानं भागलं नाही. त्यानं मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चिकटवायचं दहा-वीस पट मोठं दाखवणारं भिंग आणलं होतं, तेव्हा आम्ही एक टोका काचेच्या वाटीत घेतला. तीन मिलिमीटरचा जीव, पण भिंगाखाली त्याचं तोंड पाहून मुलगा जरा मागे सरकला. डोकं पुढं लांब ओढून त्याची सोंड झालेली. त्या सोंडेच्या बाजूंनी दोन मिशा निघालेल्या, आणि प्रत्येक मिशी मध्येच कोपरासारखी वाकलेली. आधी एक लांब सरळ दांडी, मग काटकोनात वळण, शेवटी छोटा गोंडा.

हे कोपर लक्षात ठेवा. या लेखातलं बरंचसं त्यावर टेकलेलं आहे.

एक गैरसमज आधी काढून टाकू. सोंड म्हटलं की आपल्याला हत्ती आठवतो, नाहीतर डासाची सुई. सोंडकिड्याची सोंड यातली कुठलीच नाही. ती काही ओढून घेत नाही, शोषत नाही. तिच्या अगदी टोकाला दोन चिमुकले जबडे असतात. सुताराच्या पेटीतलं गिरमिट आठवा, तेच हे हत्यार. मादी ते दाण्यात, बोंडात, कोयीत, देठात घुसवते, भोक पाडते, मग उलटी फिरून त्या भोकात अंडं घालते. पिल्लाला जन्मापासून चारी बाजूंनी अन्न आणि चारी बाजूंनी भिंत. किडीच्या जगात यापेक्षा सुरक्षित बाळंतघर मिळणं कठीण.

या एका हत्याराच्या जोरावर सोंडकिड्यांनी काय केलं ते आकड्यांत पाहा. आजवर शास्त्रज्ञांनी नावं देऊन नोंदवलेल्या सोंडकिड्यांच्या जाती ६०,००० हून जास्त आहेत. जगातल्या सगळ्या पक्ष्यांच्या जाती मोजल्या तर त्या ११,००० च्या आसपास भरतात. म्हणजे चिमणीपासून शहामृगापर्यंत सगळं पक्षिकुळ एका पारड्यात घाला, तरी सोंडकिडे पाचपट. त्यातले ५०,००० च्या वर एकाच मोठ्या कुळातले आहेत. त्याचं नाव कर्क्युलिओनिडी. आपला तांदळातला टोका त्याच कुळातला, आंब्याच्या कोयीतला भुंगा त्याच कुळातला, नारळ पोखरणारा तांबडा सोंड्याही त्यातलाच. (या कोयीतल्या भुंग्याचा दबदबा एवढा, की २००७ मध्ये अमेरिकेनं भारतीय आंब्याला दार उघडलं ते आधी किरणोत्साराची मात्रा देण्याच्या अटीवर.) या मोठ्या कुळाची ओळख म्हणजे ते मिशीचं कोपर.

पण उरलेले? काही हजार सोंडकिडे असे आहेत ज्यांच्या मिशीला कोपर नाही, मिशी सरळसोट. त्यांतही सगळ्यात जुनी फांदी अगदी छोटी आहे. जेमतेम ७०-८० जाती. त्यांना नेमोनिकिडी म्हणतात, आणि जवळपास सगळे राहतात सूचिपर्णी झाडांवर, म्हणजे पाइन, ऑराकेरिया, पोडोकार्पस अशा शंकू धरणाऱ्या झाडांवर. मला लिहायचं आहे ते मुख्यतः यांच्याविषयी. आपल्या तांदळातल्या टोक्याचे हे फार जुने, फार लांबचे भाऊबंद.

आता सांगली-साताऱ्याच्या माणसाला सूचिपर्णी झाड दाखवायचं म्हणजे पंचाईत. आपल्या डोंगरांवर ती आपणहून उगवत नाहीत. सगळ्या पश्चिम घाटात मिळून मूळचं असं एकच सूचिपर्णी झाड आहे, तेही दक्षिणेकडच्या रानांत, पोडोकार्पसच्या घरातलं. पाचगणीचे उंच सिल्व्हर ओक बघून पुष्कळ पर्यटक "पाइन, पाइन" करतात, पण सिल्व्हर ओक फुलं धरतो, आणि ऑस्ट्रेलियातून आणलेला आहे. कोकणच्या किनाऱ्यावरचं सुरूचं बन तर त्याहून फसवं. सुया लोंबतात, छोटी गोंडेदार फळं येतात, वाऱ्यात सूं सूं आवाज येतो. पण सुरू हे सपुष्प झाड आहे, आणि ज्यांना आपण सुया म्हणतो त्या त्याच्या बारीक फांद्या आहेत. मी स्वतः कितीतरी वर्षं शाळेत मुलांना सुरू म्हणजे सूचिपर्णी असं सांगत आले. एका सहलीत एका मुलीनं सुरूची फांदी तोडून विचारलं, "बाई, या सुईला पेरं कसं?" तेव्हा माझं मलाच कळलं.

खरी सूचिपर्णी झाडं आपल्याकडे आहेत ती कुंडीतून आलेली. अंगणातली मोरपंखी हे सूचिपर्णी झाड. बंगल्यांच्या फाटकाशी लावलेलं, मजल्यामजल्यानं फांद्या काढणारं, ज्याला नर्सरीवाले सरसकट 'ख्रिसमस ट्री' म्हणतात, ती ऑराकेरिया. आमच्या शेजाऱ्यांकडे तिचं एक उंच झाड आहे. त्याच्याकडे शेवटी येऊ.

सूचिपर्णी झाडांना फूल नसतं, त्यामुळे फळही नाही. असतात ते शंकू, आणि दोन प्रकारचे. शोभेसाठी आपण रंगवून टेबलावर ठेवतो तो लाकडासारखा मोठा शंकू मादीचा, त्यात बिया. नरशंकू लहान, मऊ, थोडे दिवस टिकणारा. त्याच्या खवल्यांत परागकणांच्या पिशव्या असतात. वसंतात त्या फुटल्या की पिवळी धूळ उडते. हिमालयाच्या पायथ्याशी चीडच्या, म्हणजे तिथल्या पाइनच्या, जंगलात ज्यांनी ती पाहिली असेल त्यांना आठवेल, गाड्यांच्या काचांवर हळद सांडल्यासारखी बसते. पाइनच्या प्रत्येक परागकणाला हवेवर तरंगायला दोन चिमुकले फुगे असतात. वाऱ्यावर भरवसा ठेवायचा तर माल अफाट उडवावा लागतो, कारण त्यातला बहुतेक वाया जाणार हे ठरलेलंच.

वाया जाणारा माल जिथं, तिथं कुणीतरी खाणारा येतोच. परागकण म्हणजे प्रथिनांचं गाठोडं. झाडाचं लाकूड खायचं तर ते पचायला जड, साल खायची तर चिकट राळ अंगावर येते. नरशंकूतला पराग मात्र मऊ आणि पौष्टिक. नेमोनिकिडी कुळानं हेच हेरलं. मादी नरशंकू कोवळे असताना त्यांच्या खवल्यांत अंडी घालते. अळ्या खवल्यांमधून सरपटत परागाच्या पिशव्या फस्त करत जातात. तांदळातल्या अळीसारख्या त्या एका खोलीत कोंडलेल्या नसतात, शंकूभर मोकळ्या हिंडतात.

इथं एकच अडचण आहे, वेळ. नरशंकू थोड्याच दिवसांत पराग उडवून सुकतो आणि गळतो. अळीला तेवढ्यातच वाढ उरकावी लागते. तांदळाचा दाणा कुठं पळून जात नाही, म्हणून टोक्याला वर्षभर पिढ्यामागून पिढ्या काढता येतात. पाइनवरच्या या किड्याला वर्षातून एकदाच पंगत मिळते. पोट भरलं की अळी जमिनीवर येते, मातीत शिरते आणि वर्षाचा बराचसा काळ तिथंच काढते. पुढच्या वसंतात झाडाला नरशंकू फुटायच्या सुमाराला पूर्ण किडा वर येतो. काही मिलिमीटरचा, तपकिरी, अंगावर बारीक लव, दिसायला अगदी साधा. युरोप-अमेरिकेत पाइनच्या फांद्या पांढऱ्या कापडावर झटकून ते गोळा करतात. महिना चुकला तर एकही हाती लागत नाही. म्हणूनच हे किडे दुर्मिळ समजले गेले. त्यातले काही खरोखर दुर्मिळ असतील, बाकीच्यांच्या बाबतीत शोधणारा उशिरा पोचलेला.

यांच्या तोंडात आणखी एक जुनी खूण आहे. आपल्या नाकतोड्याला, झुरळाला जबड्यांवर एक सुटा वरचा ओठ असतो. नेमोनिकिडींच्या सोंडेच्या टोकाला तो सुटा ओठ अजून आहे. तांदळातल्या टोक्यात आणि त्याच्या मोठ्या कुळात तो वेगळा उरलेला नाही. सरळ मिशी आणि सुटा ओठ या दोन्ही गोष्टी सोंडकिड्यांच्या मूळ पुरुषाकडे होत्या, असं मानायला भक्कम आधार आहे. एकतर इतर भुंगेऱ्यांतही त्या दिसतात. दुसरं म्हणजे दगड.

कझाकस्तानात काराताऊ नावाचे डोंगर आहेत. तिथं एका प्राचीन सरोवराच्या तळाशी जमलेल्या चिखलाचे पातळ थर दगड होऊन राहिलेत, आणि त्या थरांत किडे असे दबलेत की पंखांच्या शिराही मोजता येतात. सोव्हिएत काळातल्या शास्त्रज्ञांनी तिथले सोंडकिडे अभ्यासले. त्यांचं वय ज्युरासिक काळाच्या उत्तरार्धातलं, सुमारे १५ ते १६ कोटी वर्षं. सोंड आहे, मिशी सरळ आहे, ठेवण नेमोनिकिडींसारखी.

१५ कोटी म्हणजे किती, हे आपल्या भाषेत सांगते. साताऱ्याचा अजिंक्यतारा ज्या काळ्या कातळावर उभा आहे तो लाव्हारसाचा कातळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. आपण ज्याला "डोंगराएवढं जुनं" म्हणतो त्या डोंगराच्या दुपटीहून जुनं हे सोंडकिड्यांचं घराणं. काराताऊच्या सरोवरकाठी ते किडे होते तेव्हा चाफा नव्हता, जास्वंद नव्हती. सपुष्प वनस्पतींचे निःसंशय जीवाश्म मिळतात ते त्यानंतरचे, सुमारे १३ कोटी वर्षांपासून पुढचे. गवत तर फारच उशिरा आलं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला डायनासोरच्या विष्ठेचे दगड सापडतात. त्यात गवताचे सूक्ष्म कण मिळाल्याचं २००५ मध्ये जाहीर झालं, आणि पुढं त्यात भाताच्या नातेवाइकांचेही कण ओळखले गेले. ते साधारण आपल्या कातळाच्याच काळातले. तांदळाचा टोका म्हणतो आपण, पण त्याच्या पूर्वजांनी भाताची वाट आठ-नऊ कोटी वर्षं पाहिली. तोवर पोट भरलं ते शंकूच्या झाडांवर.

इंग्रजीतून शिकलेली मंडळी या किड्यांना 'आदिम' म्हणतात. हा शब्द मला खटकतो. ऐकणाऱ्याला वाटतं, मागं राहिलेले, अर्धवट घडलेले. खानापूर, विटा, आटपाडी या भागातल्या माणसाला मी हे असं समजावीन. आपल्याकडचे गलाईवाले घ्या. दुष्काळी भाग, पाऊस नाही, म्हणून घरातला एक भाऊ सोनं-चांदी गाळायची, शुद्ध करायची कला शिकून बाहेर पडला. आज केरळपासून पंजाबपर्यंत कुठल्याही पेठेत जा, सराफाच्या गल्लीत आपल्या विट्याकडचा माणूस भेटतो. एक कला आणि देशभर विस्तार. दुसरा भाऊ गावात राहिला, त्यानं घरची जमीन कसली. आता गावात राहिलेला भाऊ आजोबा आहे का? नाही. दोघंही आजोबांची नातवंडं, दोघांची वयं सारखी. गावातल्यानं जुनं घर आणि जुना धंदा सांभाळला, एवढंच. त्यानंही त्या जमिनीत विहीर पाडली असेल, ठिबक केलं असेल.

नेमोनिकिडी हा गावात राहिलेला भाऊ. तो १५ कोटी वर्षांपूर्वीचा किडा नाही, आजचा आहे. त्यानं जुनं झाड सोडलं नाही म्हणून जुन्या खुणा त्याच्यात जास्त दिसतात. आणि ज्या भावानं घर सोडलं त्याच्या हातात गिरमिट होतं.

मिशीच्या कोपराचं कोडं इथं सुटतं. गिरमिटाच्या पात्यालाच दोन काठ्या बांधल्या तर भोक कसं पडणार? सोंड खोल घालायची तर मिशा आड येतात. मोठ्या कुळातल्या सोंडकिड्यांच्या सोंडेला दोन्ही बाजूंना खाच असते. मिशीची लांब दांडी त्या खाचेत मागं घडी घालून बसते, चाकूचं पातं मुठीत बसावं तशी. कोपर असल्यामुळं पुढचा भाग गरज पडली की सोंडेच्या टोकाशी आणून चाचपताही येतं. आता कडक कवचाची बी असो, देठ असो की लाकूड, आत शिरायला अडथळा नाही. म्यानमारच्या काचिन भागात मिळणाऱ्या सुमारे ९.९ कोटी वर्षांपूर्वीच्या अंबरात, म्हणजे राळेच्या खड्यात, कोपरवाल्या मिशीचे सोंडकिडे सापडलेत. म्हणजे तोवर हे हत्यार तयार होतं, आणि आसपास सपुष्प झाडांची गर्दी वाढत होती.

मग सोंडकिडे वाढले ते फुलझाडांमुळं की गिरमिटामुळं? यावर बरंच भांडण झालेलं आहे. १९९८ मध्ये हार्वर्डच्या ब्रायन फॅरेल यांनी एक साधी तुलना केली. भुंगेऱ्यांच्या वंशवृक्षात शेजारी-शेजारी असलेल्या अशा फांद्या घ्यायच्या, की एक सूचिपर्णीसारख्या जुन्या झाडांवर राहिली आणि दुसरी फुलझाडांवर गेली. मग दोन्हींतल्या जाती मोजायच्या. फुलझाडांवर गेलेली फांदी पुन्हा पुन्हा भरघोस निघाली. हे पटण्यासारखं आहे. पण २००९ मध्ये डुएन मॅकेना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोंडकिड्यांच्या जनुकांवरून काळ मोजला, तेव्हा दिसलं की फुलझाडांची भरभराट आधी झाली आणि सोंडकिड्यांची त्याच्या बरंच मागून. हातात हात घालून दोघं वाढले असं नाही. मला हे दुसरं चित्र जास्त खरं वाटतं. बाजार उभा राहिला म्हणून दुसऱ्या दिवशी गलाईचं दुकान उघडत नाही. कला हवी, ओळख हवी, पहिला माणूस तिथं टिकायला हवा.

हे घराणं नीट लावणाऱ्यांत एक नाव घ्यायलाच हवं, गिलेर्मो कुशेल यांचं. १९१८ मध्ये चिलीत जन्म, पुढचं आयुष्य न्यूझीलंडमध्ये, २०१७ मध्ये निधन. ऑराकेरिया आणि पोडोकार्पसच्या जंगलांत नरशंकू चाळत त्यांनी हे किडे गोळा केले आणि १९९५ मध्ये सोंडकिड्यांच्या कुळांची मांडणी नव्यानं करून दाखवली. ती वादातीत राहिली नाही, राहायला नकोही होती. अलीकडे उत्तर गोलार्धातल्या पाइनवरच्या मंडळींना नेमोनिकिडीतून काढून सिंबेरिडिडी असं स्वतंत्र कुळ देणारे तज्ज्ञ आहेत. म्हणजे भाऊबंदांत वाटणी चालूच आहे.

सरळ मिशीवाले मधले भाऊ मात्र आपल्या घरात येतात, आणि हे कळलं तेव्हा मला सगळ्यात गंमत वाटली.

पहिला हळदीतला. सांगलीत हळदीच्या पोत्यांत किड लागते त्यात एक ठिपकेदार तपकिरी, रुंद अंगाचा, हात लावताच उडणारा किडा असतो. त्याला कॉफीच्या बीचा भुंगेरा म्हणतात, कारण कॉफी, कोको, जायफळ, सुंठ, हळद असं वाळवलेलं बरंच काही त्याला चालतं. तो अँथ्रिबिडी कुळातला. सोंड म्हणावी तर आखूड आणि चपटी, मिशी सरळ, टोकाला सुटासुटा तीन मण्यांचा गोंडा. त्याचे बहुतेक सगे वाळलेल्या लाकडातल्या बुरशीवर जगतात. हा त्यातला बिघडलेला, बाजारपेठेत आलेला. हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ जमिनीत हळदीची पेवं असत, त्यात वर्षानुवर्षं माल टिकायचा तो उगाच नाही. पेवाचं तोंड मातीनं लिंपलं की आतली हवा कोंडते, प्राणवायू संपतो, किडा जगत नाही. कुळ कुठलंही असो.

दुसरा रताळ्यातला. एकादशीला उकडलेलं एखादं रताळं कडू लागतं ना, ते याच्यामुळं. अळ्यांनी पोखरलं की रताळं बचावासाठी स्वतःच कडू द्रव्यं तयार करतं. थोडासा भाग कापून टाकला तरी उरलेल्यात कडवटपणा राहतो, म्हणून तसं रताळं सरळ टाकून द्यावं, जनावरालाही घालू नये. पूर्ण किडा दिसायला देखणा. लांबट, मुंगीसारखा, मान आणि पाय तांबूस, पाठ निळसर काळी. ब्रेंटिडी कुळातला. सोंड व्यवस्थित लांब, पण मिशीला कोपर नाही. नर-मादी ओळखायची तर मिशीचं शेवटचं पेर बघायचं : मादीचं लंबगोल, नराचं लांब नळीसारखं. एवढ्याशा भिंगाखालीही कळतं.

तिसऱ्याचं काम पाहायचं तर आंब्याच्या झाडाखाली. कोवळी पानं कात्रीनं आडवी कापल्यासारखी खाली पडतात, तो अटेलाबिडी कुळातला पान कापणारा. मादी पानावर अंडी घालते आणि मग पान कापून खाली टाकते. याचीही मिशी सरळ.

म्हणजे तांदूळ, हळद, रताळी आणि दारातला आंबा एवढ्यात सोंडकिड्यांच्या वंशवृक्षाच्या चार फांद्या हाताला लागतात. फक्त सगळ्यात खालची, शंकूच्या झाडावरची, लागत नाही.

घर सोडलेले भाऊ कधी कधी परत येतात, आणि तेव्हा मात्र धुमाकूळ घालतात. सालीखाली बोगदे करणारे भुंगेरे दिसायला गोटीसारखे, सोंड जवळजवळ नाहीच. पण जनुकं सांगतात की तेही मोठ्या कर्क्युलिओनिडी कुळातलेच. यांतल्या काहींनी पुन्हा पाइन धरलं, पण परागासाठी नव्हे, सालीआडच्या जिवंत थरासाठी. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात १९९० च्या दशकापासून अशाच एका भुंगेऱ्यानं सुमारे १ कोटी ८० लाख हेक्टर जंगलाला झळ पोचवली. अख्ख्या महाराष्ट्राचं क्षेत्रफळ ३ कोटी ८ लाख हेक्टर आहे, त्याच्या निम्म्याहून जास्त. हिवाळे सौम्य झाले, थंडीनं अळ्या मरेनाशा झाल्या, हे त्यातलं एक मोठं कारण. आटपाडीकडच्या डाळिंबवाल्यांना हे घराणं वेगळं सांगायला नको. डाळिंबाच्या खोडाला टाचणीएवढी भोकं, बुडाशी भुसा, मग पानं पिवळी आणि झाड उभं वाळतं. ती भोकं पाडणारा भुंगेरा यांच्याच जवळचा. तो लाकूड खात नाही, बोगद्यात स्वतः बुरशी पेरून ती खातो. शेतीच म्हणायची, फक्त आपल्या शेतात.

याउलट, जुनी सवय सोंडकिड्यांनी अगदीच सोडली असंही नाही. मेक्सिकोत झामिया नावाची सायकसच्या जातकुळीतली झाडं आहेत. त्यांच्या नरशंकूत बेलिडी या आणखी एका जुन्या कुळातले सोंडकिडे वाढतात. तिथून पराग अंगावर घेऊन मादीशंकूत जातात आणि झाडाचं परागीभवन होतं. १९८० च्या दशकात हे प्रयोगानं सिद्ध झालं. तोवर अशी झाडं वाऱ्यावर अवलंबून असतात असं सरसकट शिकवलं जाई. खाणारा आणि कामाला येणारा यांतली रेघ किती पुसट ते इथं दिसतं. झाडानं नरशंकूचा थोडा भाग किड्याच्या पोरांना देऊन टाकला आणि बदल्यात टपाल पोचवून घेतलं.

तेलपामचंही तसंच. मलेशियात तेलपामची लागवड आफ्रिकेतून आली, पण परागीभवन करणारा किडा मागं राहिला. माणसं लावून हातानं पराग टाकावा लागे. १९८१ मध्ये कॅमेरूनहून एक इवलासा सोंडकिडा आणून सोडला, आणि ते काम जवळजवळ थांबलं. हा किडा राहतो कुठं? नरफुलांत. अळ्या तिथंच वाढतात. झाड बदललं, कुळ बदललं, मिशीला कोपर आलं, पण बिऱ्हाड परत नरफुलातच. आपल्या वडापावाच्या कढईतल्या पामतेलाला एका सोंड्याचा हात लागलेला असतो.

आता शेजारच्या ऑराकेरियाकडे. बहुधा ती कुक पाइन असावी, न्यू कॅलेडोनिया बेटावरची मूळची. २०१७ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात जगभरची २५६ झाडं मोजली, तेव्हा दिसलं की ही झाडं विषुववृत्ताच्या दिशेनं झुकतात, सरासरी साडेआठ अंशांनी. आपल्याकडे म्हणजे दक्षिणेला. शेजाऱ्यांचं झाडही झुकलंय. "वाऱ्यानं कललं हो," असं शेजारचे काका म्हणतात. मोबाइलमधलं होकायंत्र काढून पाहिलं तर झोक बरोबर मिरजेच्या रस्त्याकडे नसून कर्नाटकाकडे. काका अजून वाऱ्यावरच ठाम आहेत.

ऑराकेरिया कधीकाळी आपल्या भूमीवरही होत्या. भारत जेव्हा ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका यांना जोडलेला होता तेव्हाच्या त्यांच्या सग्यांचे जीवाश्म झारखंडच्या राजमहाल टेकड्यांत मिळतात. ऑस्ट्रेलियात आणि चिलीत आजही जंगली ऑराकेरियांच्या नरशंकूंत नेमोनिकिडींच्या अळ्या सापडतात. म्हणून गेल्या वर्षी शेजारच्या झाडाखाली शेपटीसारखे लांबट नरशंकू पडलेले दिसले, तेव्हा मी ओंजळभर उचलून आणले. परातीत पांढरा कागद घातला, खवले एकेक करून उकलले. भाचीचा मुलगा भिंग घेऊन बसला होता. निघाल्या दोन मुंग्या, एक कोळी आणि चिमूटभर पिवळा पराग. झाड कुंडीतून आलं, किडा आला नाही. उरलेला पराग फाटकाशी लावलेल्या स्कूटरच्या सीटवर पडतो, आणि काका सकाळी उठून ओल्या फडक्यानं तो पुसतात.